आवाजांच्या गर्दीत प्रत्येकाला जागा
इलेक्ट्रॉनिक संगीतातील ईक्यू आणि साइडचेन कॉम्प्रेशन

घरच्या संगणकावर इलेक्ट्रॉनिक संगीत रचणाऱ्या बहुतेकांना एक अनुभव हमखास येतो. ठेक्याचा किक ड्रम एकटा ऐकला तर छातीवर आदळतो. खर्जातला बेस एकटा ऐकला तर भरदार वाटतो. सिंथेसायझरची सुरावट, गायकाचा आवाज, झांजेसारखे बारीक आघात, सारे सुटे सुटे उत्तम असते. मात्र हे सगळे एकत्र वाजू लागले की त्याचा गढूळ काला होतो. ठेक्याची धार जाते, बेस नुसता घुमत राहतो आणि गायकाचे शब्द आत कुठेतरी बुडतात. मग रचनाकार किकचा आवाज वाढवतो; त्याने बेस दबला म्हणून बेस वाढवतो; दोघांनी मिळून गायकाला झाकले म्हणून गायकाला वर काढतो. अखेरीस सगळ्याच पट्ट्या वर सरकतात. गाणे मोठे होते, स्पष्ट मात्र होत नाही.

या दुखण्यावर ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात दोन प्रमुख उपाय रूढ आहेत. पहिला इक्वलायझर, अर्थात ईक्यू. तो प्रत्येक आवाजाला वारंवारतेच्या पट्ट्यात स्वतंत्र जागा देतो. दुसरा साइडचेन कॉम्प्रेशन. तो आवाजांना काळात जागा देतो, म्हणजे एक बोलत असताना दुसऱ्याला क्षणभर मागे सरायला लावतो. दोन्ही साधने आज जवळपास प्रत्येक संगीत-सॉफ्टवेअरमध्ये आयती मिळतात. ती कधी, किती आणि का वापरायची, हे समजण्यासाठी आधी कानाचा स्वभाव समजून घ्यायला हवा.

कानाचा झाकोळ

दोन आवाज एकाच वेळी आले आणि त्यांच्या वारंवारता जवळजवळ असल्या, तर मोठा आवाज लहानाला झाकून टाकतो. याला ध्वनिशास्त्रात मास्किंग म्हणतात; आपण झाकोळ म्हणू. आल्फ्रेड मेयर या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १८७६ मध्येच एक महत्त्वाचे निरीक्षण नोंदवले होते : खालचा सूर वरच्या सुराला सहज झाकतो, वरचा सूर खालच्याला तितका झाकत नाही. १९२४ मध्ये वेगेल आणि लेन यांनी हा परिणाम मोजून दाखवला. बेल प्रयोगशाळेतील हार्वे फ्लेचर यांनी १९४० मध्ये मांडले की, आपला कान ध्वनीची विभागणी काही ठरावीक रुंदीच्या पट्ट्यांत करतो आणि झाकोळ मुख्यतः एकाच पट्ट्यात पडणाऱ्या आवाजांमध्ये होतो. जर्मन शास्त्रज्ञ एबरहार्ड झ्विकर यांनी १९६१ मध्ये श्रवणकक्षेचे असे २४ पट्टे निश्चित केले.

आपल्या विषयासाठी यातली कळीची बाब अशी की, सुमारे ५०० हर्ट्झच्या खाली प्रत्येक पट्टा साधारण १०० हर्ट्झ रुंद असतो. नृत्यसंगीतातील किकचा मूळ सूर बहुधा ४५ ते ६५ हर्ट्झच्या आसपास असतो, आणि बेसचे मूळ सूर ४० ते १०० हर्ट्झच्या दरम्यान फिरतात. म्हणजे कानाच्या दृष्टीने दोघे एकाच खोलीत राहतात. ईक्यूने कितीही नाजूक कोरीवकाम केले, तरी या सर्वांत खालच्या खोलीत दोघांना पूर्णपणे वेगळे करता येत नाही. तिथे वेळ वाटून घेणे हाच मार्ग उरतो. ईक्यू आणि साइडचेन ही दोन साधने परस्परपूरक का आहेत, याचे उत्तर इथे आहे.

दुसरी अडचण शुद्ध गणिताची आहे. डिजिटल ध्वनीला शून्य डेसिबलचे छत असते. त्यापलीकडे लहरीचे माथे कापले जाते आणि आवाज फाटतो. तंतोतंत जुळलेल्या दोन सारख्या लहरी एकत्र आल्या तर पातळी ६ डेसिबलने वाढते; त्याच लहरी उलट्या कलेत भेटल्या तर एकमेकींना पुसून टाकतात. किक आणि बेस सतत एकमेकांवर पडत राहिले, तर कुठे अनपेक्षित उसळी येते, कुठे ठेका पोकळ होतो, आणि उसळ्यांना छताखाली ठेवण्यासाठी संपूर्ण गाणे खाली आणावे लागते.

आधी निवड, मग औषध

कोणतेही यंत्र जोडण्याआधी रचनेकडे पाहावे. आपल्या मैफलीत गायक आलापी करतो तेव्हा जाणता तबलजी डग्ग्याची घुमक आवरतो आणि हार्मोनियमवाला स्वर हलका करतो. ही जागा देण्याची सवय यंत्रांच्या कितीतरी आधीची आहे. इलेक्ट्रॉनिक संगीतातही चांगले उदाहरण आपल्याच शहरात घडले. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' या ध्वनिमुद्रिकेत रोलंड कंपनीची तीन यंत्रे वापरली : ठेक्यासाठी टीआर-८०८, खालच्या सुरावटीसाठी टीबी-३०३ आणि रागविस्तारासाठी ज्युपिटर-८. त्या वेळी दुर्लक्षित राहिलेली ही ध्वनिमुद्रिका २०१० मध्ये पुन्हा प्रकाशित झाली आणि जगभर गाजली. वाद्ये मोजकी आणि प्रत्येकाचे काम वेगळे असले की निम्मे मिक्सिंग रचनेतच होऊन जाते, हे ती ऐकताना जाणवते.

गोव्याच्या किनाऱ्यावरील रात्रींतून १९९०च्या दशकात आकाराला आलेला गोवा ट्रान्स आणि त्यातून पुढे वाढलेला सायट्रान्स यांचेही उदाहरण घेता येईल. सायट्रान्समध्ये प्रत्येक मात्रेचे चार समान भाग पाडतात; पहिल्या भागावर किक पडतो आणि उरलेल्या तीन भागांवर बेस वाजतो. मिनिटाला १४५ मात्रांच्या लयीत असा एक भाग सुमारे १०३ मिलिसेकंदांचा असतो. किक तेवढ्या अवधीत संपेल असा आखूड ठेवला, तर दोघांची भेटच होत नाही. हे वेळेचे वाटप स्वरलेखनातूनच साधलेले आहे.

किक आणि बेस यांचे सूर जुळलेले असणे हेही महत्त्वाचे. ५५ हर्ट्झ म्हणजे खालचा 'ए' आणि ४९ हर्ट्झ म्हणजे 'जी'. गाणे 'ए'मध्ये असताना किकचे शेपूट भलत्याच सुरात घुमत असेल, तर ते बेसशी खटकत राहील. ते सुरात आणावे किंवा आखूड करावे. बेसूर तबल्यावर कोणताही ईक्यू उपाय नाही, तसेच हे.

ईक्यू : कापण्याची कला

ईक्यू म्हणजे वारंवारतेच्या निवडक भागाची पातळी वर-खाली करणारे साधन. आज सर्वत्र दिसणाऱ्या पॅरामेट्रिक ईक्यूची संकल्पना जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी १९७२ मध्ये ध्वनिअभियंत्यांच्या परिषदेत मांडलेल्या निबंधातून रूढ झाली. यात तीन गोष्टी हाती असतात : कोणत्या वारंवारतेवर काम करायचे, तिथे किती डेसिबल वाढवायचे वा घटवायचे, आणि त्या बदलाची रुंदी किती ठेवायची. या रुंदीच्या मापाला 'क्यू' म्हणतात. क्यू जितका मोठा, तितका बदल अरुंद.

श्रवणकक्षा ढोबळमानाने २० ते २०,००० हर्ट्झ धरली, तर तिचे व्यवहारातले विभाग असे करता येतील :

२० ते ६० हर्ट्झ : कानापेक्षा अंगाला जाणवणारा थर. इथे एकाच वाद्याचे राज्य असावे.
६० ते १२० हर्ट्झ : किकचा ठोसा आणि बेसचे वजन.
२०० ते ४०० हर्ट्झ : ऊब इथलीच आणि गढूळपणाही इथलाच. पॅड, गिटार, पुरुषी आवाज, बेसचे उपस्वर सगळे इथे दाटीवाटीने उभे असतात.
७०० ते १५०० हर्ट्झ : बेसची ओळख पटवणारे उपस्वर.
२००० ते ५००० हर्ट्झ : शब्दांची स्पष्टता आणि किकची टकटक. कान इथे सर्वाधिक संवेदनशील असतो.
१०,००० हर्ट्झच्या वर : झांजांची चमक आणि श्वासाची जाणीव.

कामाचा क्रम साधारण असा ठेवावा. प्रथम ज्या आवाजांना खर्जाची गरज नाही त्यांचा तळ हाय-पास फिल्टरने काढून टाकावा. पॅडला आणि गायकाला ८० ते १५० हर्ट्झच्या खालचा भाग बहुधा लागत नाही. तिथे केवळ गुणगुण साचलेली असते. मात्र ही छाटणी सर्वत्र आंधळेपणाने करू नये. फार तीव्र उताराचा फिल्टर लहरींची कला बदलतो, आणि प्रत्येकाचा तळ कापलेले गाणे कागदासारखे पातळ होते.

त्यानंतर किक आणि बेस यांच्यात मालकी ठरवावी. समजा, किकचा मूळ सूर ५५ हर्ट्झवर आहे. बेसमध्ये त्याच जागी २ ते ४ डेसिबलची मध्यम रुंदीची घट करावी, आणि किकमध्ये जिथे बेसचे वजन आहे, उदाहरणार्थ ९० हर्ट्झ, तिथे तेवढीच नरमाई दाखवावी. उलट व्यवस्थाही चालते : बेस सर्वांत खाली आणि किक त्याच्या वर. दोघांपैकी तळाचा मालक कोण, याचा निर्णय मात्र झालाच पाहिजे. हेच तत्त्व वर लावता येते. गायकाच्या शब्दांसाठी सिंथेसायझरमध्ये ३००० हर्ट्झच्या आसपास रुंद, उथळ खोलगट ठेवला, तर गायकाला हातही न लावता तो पुढे येतो.

इथे नवशिक्यांची एक नेहमीची चूक सांगायला हवी. एकेक आवाज सुटा ऐकून त्यावर ईक्यू लावला जातो, आणि सुटा ऐकताना प्रत्येकाला भरदार करण्याचा मोह होतो. वास्तविक निर्णय सगळे वाजत असतानाच घ्यायचा असतो. एकटा ऐकल्यावर काहीसा कृश वाटणारा पॅड समूहात नेमका बसतो. ऐकणारा कधीच एकटा पॅड ऐकणार नसतो.

कॉम्प्रेसर काय करतो?

साइडचेनकडे जाण्याआधी साधा कॉम्प्रेसर पाहू. ठरावीक पातळीच्या वर गेलेला आवाज तो आपोआप दाबतो. या पातळीला थ्रेशोल्ड म्हणतात आणि दाबण्याच्या प्रमाणाला रेशो. थ्रेशोल्ड उणे २० डेसिबल आहे, रेशो ४ ला १ आहे आणि आवाज उणे ८ पर्यंत चढला, असे समजा. मर्यादा १२ डेसिबलने ओलांडली गेली; तिचा चौथा हिस्सा, म्हणजे ३ डेसिबल, बाहेर पडू दिला जातो. आवाज उणे १७ वर येतो. एकूण ९ डेसिबलची कपात झाली. दाब किती झटकन सुरू व्हावा हे अटॅक ठरवतो, आणि तो किती वेळात सुटावा हे रिलीज.

कॉम्प्रेसरच्या पोटात दोन मार्ग असतात. एका मार्गाने आवाज जातो आणि दाबला जातो. दुसरा मार्ग केवळ मोजमापासाठी असतो. पातळी किती आहे ते पाहून तो पहिल्या मार्गाला आज्ञा देतो. हा दुसरा मार्ग म्हणजे साइडचेन. नेहमी दोन्ही मार्गांना एकच आवाज मिळतो. मोजमापाच्या मार्गाला भलताच आवाज जोडला, की एकाच्या इशाऱ्यावर दुसरा दबू लागतो.

या कल्पनेचा उगम नृत्यसंगीतात नाही. एमजीएम या चित्रपटसंस्थेच्या ध्वनिविभागाचे प्रमुख डग्लस शिअरर यांना १९३०च्या दशकात संवादांतील 'स', 'श' यांची बोच कमी करण्यासाठी असा मार्ग वापरल्याचे श्रेय दिले जाते. रेडिओवर निवेदक बोलू लागताच मागचे गाणे नम्रपणे खाली जाते आणि तो थांबताच वर येते, तेही हेच. या प्रकाराला डकिंग म्हणतात.

किकच्या इशाऱ्यावर बेस

इलेक्ट्रॉनिक संगीतातील सर्वाधिक प्रचलित जोडणी अशी : कॉम्प्रेसर बेसवर बसवायचा आणि त्याच्या साइडचेनला किक जोडायचा. किक पडला की बेस दबतो, किक सरला की परत येतो. दोघांनी तळाची एकच खोली पाळीपाळीने वापरली, तर दोघेही स्पष्ट ऐकू येतात.

आकडे लयीवरून ठरवावेत. मिनिटाला १२८ मात्रा असतील तर दोन किकमधील अंतर ६०,००० भागिले १२८, म्हणजे सुमारे ४६९ मिलिसेकंद. त्याचा चौथा भाग ११७ आणि अर्धा भाग २३४ मिलिसेकंद. रिलीज १०० ते २०० मिलिसेकंदांपासून सुरू करून ऐकत ऐकत जुळवावा. तो फार लांबला तर पुढचा किक येईपर्यंत बेस सावरतच नाही आणि कायमचा दबलेला राहतो. फार आखूड झाला तर किकचे शेपूट संपायच्या आत बेस घुसतो.

अटॅक झटपट हवा, पण शून्यावर नेणे धोक्याचे. ५० हर्ट्झच्या लहरीचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. कॉम्प्रेसर त्याहून फार चपळ झाला तर तो पातळीऐवजी लहरीचा आकारच कुरतडू लागतो आणि बेसमध्ये टिकटिक वा खरखर येते. काही मिलिसेकंदांचा अटॅक आणि सौम्य वळणाचा नी हा त्यावर तोडगा.

कपात किती करावी? केवळ वेगळेपणा हवा असेल तर ३ ते ६ डेसिबल पुरेसे असतात. परिणाम कळावा, यंत्रणा कळू नये. किकच्या मार्गात फेरबदल होत असतील तर इशाऱ्यासाठी किकची एक मूक प्रत वेगळ्या पट्टीवर ठेवतात. ती साइडचेनला जाते, पण श्रोत्यांपर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे ऐकू येणारा किक थांबला तरी डोल कायम ठेवता येतो.

दोष जेव्हा शैली होतो

कॉम्प्रेसरचा दाब जाणवू लागणे, आवाज धापा टाकल्यासारखा वर-खाली होणे, हा जुन्या अभियंत्यांच्या लेखी दोष होता. फ्रेंच हाउस संगीताने त्याचेच अलंकारात रूपांतर केले. डाफ्ट पंक या पॅरिसच्या जोडीचे २००० सालचे 'वन मोअर टाइम' ऐकताना सगळे वाद्यवृंदच ठेक्यासोबत श्वास घेते. स्वीडनच्या एरिक प्रिड्झ यांच्या २००४ मधील 'कॉल ऑन मी'ने ही धाप घरोघरी पोहोचवली. इथे कपात १० डेसिबल किंवा त्याहून अधिक असते आणि ती बेसपुरती न राहता पॅड, सुरावट सगळ्यांना लागू होते. २००७ मध्ये एबलटन लाइव्हच्या सातव्या आवृत्तीत बाहेरचा आवाज साइडचेनला जोडण्याची सोय आली आणि ही युक्ती महागड्या स्टुडिओंतून लॅपटॉपवर उतरली.

शैली म्हणून ती जरूर वापरावी. पण वेगळेपणासाठीचे साइडचेन आणि धापेसाठीचे साइडचेन या दोन भिन्न गोष्टी आहेत. एकीचे काम सांगून दुसरी वापरली की गाणे थकवणारे होते.

दोन्ही साधनांचा संगम

संपूर्ण बेस दाबला की त्याचे वरचे उपस्वरही हलतात आणि सुरावट अडखळल्यासारखी वाटते. म्हणून बेस दोन थरांत विभागून १२० हर्ट्झच्या खालचा थर तेवढा किकच्या इशाऱ्यावर दाबतात. वरचा थर अखंड राहतो. डायनॅमिक ईक्यू हे याचेच पुढचे रूप. त्यात ठरावीक वारंवारतेवरची घट कायमची नसते. गायक गात असतानाच सिंथेसायझरमधील ३००० हर्ट्झचा भाग २-३ डेसिबलने खाली येतो आणि ओळ संपली की परत भरतो. गायकाच्या प्रतिध्वनीलाही गायकाच्याच इशाऱ्यावर दाबता येते : शब्द कोरडे व स्पष्ट राहतात, दोन ओळींमधल्या अवकाशात मात्र घुमट उमलतो.

परीक्षा कानाची

केलेला बदल उपकारक आहे का, हे तपासताना दोन्ही अवस्थांची पातळी समान ठेवावी. मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो आणि फसवतो. मग गाणे अगदी हळू लावून पाहावे. किक, बेस आणि गायक तिघेही ओळखू आले तर जागावाटप जमले. पुढे दोन्ही बाजू एकत्र करून मोनोमध्ये ऐकावे, कारण पुष्कळ सभागृहांत खर्ज एकत्रच वाजवला जातो. शेवटी मोबाइलच्या स्पीकरवर ऐकावे. तो १०० हर्ट्झच्या खालचे जवळजवळ काहीच वाजवत नाही. पण बेसला पुरेसे उपस्वर असतील तर मेंदू हरवलेला मूळ सूर स्वतःच भरून काढतो.

या साऱ्या खटाटोपाला तंत्रापलीकडेही एक अर्थ आहे. ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवायचा, ही सवय स्टुडिओतून नृत्यगृहात आणि तिथून हेडफोनमध्ये जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी वैयक्तिक उपकरणांवर आठवड्याला ८० डेसिबल पातळीने ४० तासांपेक्षा अधिक ऐकू नये. २०२२ मध्ये तिने सभागृहे व महोत्सवांसाठी १०० डेसिबलची सरासरी मर्यादा सुचवली. कानातील नाजूक केसपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. ज्या गाण्यात प्रत्येक आवाजाला जागा मिळाली आहे, ते कमी आवाजातही पूर्ण ऐकू येते. ईक्यूची पट्टी खाली ओढणारा किंवा बेसला क्षणभर मागे सारणारा रचनाकार म्हणूनच केवळ आपले गाणे नव्हे, तर श्रोत्याचा कानही जपत असतो.